दोराचे दुसरे टोक

प्रभूचे नाव घेऊन आणि त्याच्या भक्तांचे पाय आठवून ही गोष्ट सांगते.

शांतवनबाबा त्या सुगीला धामणवाडीत मुक्कामाला होते. गावाबाहेर, नदीच्या अंगाला ख्रिस्ती मंडळीचे बसके कौलारू प्रार्थनामंदिर होते. त्याच्या पडवीत बाबांची घोंगडी, एकतारी आणि पाण्याचा तांब्या एवढाच संसार. बाबांना कुणी पाया पडलेले आवडत नसे. कुणी वाकले की ते लगबगीने पाय घोंगडीखाली ओढून घेत आणि म्हणत, "बस आधी. प्रभू तुला कुठं भेटला, ते सांग." आलेला माणूस कुणीही असो, बाबांचा प्रश्न हाच. आणि विचारले की ते असे ऐकत, जणू जन्मात पहिल्यांदाच कुणी त्यांना प्रभूची बातमी देत आहे. बाबांनी कितीकांसाठी प्रार्थना केल्या, कितीजण त्यांच्या दारातून बरे होऊन गेले. पण त्यांना जवळून पाहिलेली माणसे सांगतात, की त्यांचे खरे सामर्थ्य त्या ऐकण्यात होते.

धामणवाडीच्या मंडळीत एक रीत होती. ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा असेल त्याने सुगीच्या सणाला सर्वांसमोर उभे राहून आपली साक्ष द्यायची. प्रभूने आपल्याला कसे हाताशी धरले ते स्वतःच्या तोंडाने सांगायचे. पंचांनी होकार दिला की त्याच दुपारी नदीवर बाप्तिस्मा. रीत चांगलीच होती. पण वर्षानुवर्षे ऐकून ऐकून लोकांची अशी समजूत होऊन बसली होती, की साक्ष म्हटली म्हणजे तीत साप, पूर, भूत नाहीतर दारू असायलाच हवी. ज्याच्या आयुष्यात यातले काही घडले नाही, त्याला आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे वाटे.

याला बरेचसे कारण म्हणजे मंडळीचे मुख्य पंच शलमोन पाटोळे. मिशनच्या शाळेत शिकलेले, अंगाने भरदार, आणि आवाज तर असा की नदीपलीकडची गुरे मान वर करून बघत. तरुणपणी ज्वारीच्या रानात त्यांच्या पायाला साप वेढून बसला, त्यांनी प्रभूचा धावा केला आणि साप मुकाट्याने निघून गेला, ही त्यांची साक्ष. ती खरी होती, यात शंका नाही. फक्त दरवर्षी साप थोडा वाढायचा. बायका पदराआड कुजबुजत, "यंदा किती हात गं?" पण शलमोनअण्णांनी आवाज चढवला की त्याच बायकांच्या अंगावर काटा येई.

याच मंडळीच्या कडेकडेने एक बाई वावरत असे. तिचे नाव तान्हाबाई. घायपाताच्या पानांतून वाख, म्हणजे चिवट धागे, काढून दोर वळणे हा तिचा धंदा. नवरा सोडून गेलेला, एकुलती एक पोर तापाने गेलेली. बोलताना तिची जीभ अडे. एकेका अक्षरापाशी ती अशी अडकायची की समोरचा कंटाळून स्वतःच काहीतरी बोलून मोकळा व्हायचा. त्यामुळे हळूहळू तिने बोलणेच सोडले होते. पण मनात एक गोष्ट पक्की होती. ज्याने आपल्याला वाईट दिवसांत धरले, त्याचे नाव आपल्यालाही लागावे. तिला बाप्तिस्मा हवा होता. यापूर्वी ती साक्षीला उभी राहिली होती आणि पहिला शब्द निघण्याआधीच रडून खाली बसली होती. तेव्हा शलमोनअण्णांनी सांगून टाकले, की पुढच्या सुगीला जमले तर ठीक, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. ज्याला प्रभूविषयी चार शब्द बोलता येत नाहीत त्याला तो भेटला असे आम्ही कसे मानायचे?

म्हणजे ही सुगी तिची शेवटची संधी होती.

शेजारच्या मार्थाबाईला तिची दया आली. मार्थाबाईच्या सासूला पूर्वी कधीतरी पुरातून प्रभूने वाचवले होते. ती साक्ष सुटसुटीत होती आणि लोकांना आवडलेली होती. मार्थाबाईने ती तान्हाबाईकडून पाठ करून घेतली. तान्हाबाई घाबरून म्हणाली, की हे आपले नव्हे. तर मार्थाबाई म्हणाली, "आत्याबाई आता प्रभूपाशी गेल्या. त्यांना तिथं कशाला लागतीय ती? तू घे." बिचारी दोर वळता वळता दुसऱ्याचा पूर घोकू लागली.

सणाच्या आदल्या दिवशी ती बाबांकडे आली आणि हात जोडून, अडखळत, जीभ मोकळी व्हावी म्हणून प्रार्थना करा असे म्हणाली. बाबांनी प्रार्थना केली. मग डोळे उघडून ते म्हणाले, "जीभ मोकळी होईल का, ते मला ठाऊक नाही. पण तान्हाबाई, तुझ्या साक्षीसाठी कुणीतरी खोळंबलंय." कोण, ते काही त्यांनी सांगितले नाही. आपल्या साक्षीसाठी कोण खोळंबणार, या विचाराने तान्हाबाईला रात्रभर झोप नाही.

आता शलमोनअण्णांच्या घरचे दुःख सांगते. त्यांची लेक रिबका पहिल्या बाळंतपणानंतर माहेरी आली होती. बाळ गेले, आणि त्या दिवसापासून पोरीच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. भिंतीकडे तोंड करून बसायची. घास भरवला तर खायची. अण्णांनी आपल्या मोठ्या आवाजात तिच्या उशाशी प्रार्थना केल्या, स्तोत्रे वाचली, वैद्य आणले, रागावूनही पाहिले. पोर हलली नाही.

सणाच्या सकाळी बाबा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि बाहेरूनच म्हणाले, "रिबका, चल बाई. तुझी जागा धरून ठेवलीय." घरचे बघतच राहिले. रिबका उठली, पदर सारखा केला आणि बाबांच्या मागोमाग निघाली. ज्या पोरीला चार माणसांच्याने अंगणात आणवले नव्हते, ती एका हाकेला मंदिरापर्यंत चालत गेली! बाबा नेहमीप्रमाणे दारापाशी, चपलांच्या ढिगाजवळ बसले आणि तिला त्यांनी बायकांच्या पुढच्या रांगेत बसवले.

वेदीपुढे ज्वारीची कणसे, बाजरी, भोपळे, एक बांधलेली कोंबडी, असा सुगीचा वाटा मांडला होता. भजन झाले. शलमोनअण्णांचा साप आला आणि गेला. मग त्यांनी तान्हाबाईचे नाव पुकारले आणि हसत हसत म्हणाले, "बायांनो, स्वयंपाकाची घाई असल तर उठून जा. तान्हाबाईची साक्ष संपायला नाताळ उजाडंल." सगळे मंदिर हसले.

तान्हाबाई उभी राहिली. तिने पाठ केलेल्या पुराला हात घातला, पण "पुरात" या पहिल्याच शब्दापाशी जीभ टाळ्याला चिकटली. पु, पु, पु, याच्या पुढे काही सरकेना. पोरांनी नक्कल सुरू केली. मोठी माणसेही पदराआड, उपरण्याआड हसू लागली. अण्णांनी हात वर केला आणि म्हणाले, की पुरे झाले, बसा, प्रभूला धीर असेल पण पंचांना नाही. तान्हाबाईने लुगडे सावरले. ती बसणारच होती.

तेवढ्यात बाबा दारापासून उठले. माणसांतून वाट काढत पुढे आले आणि तान्हाबाईच्या समोर, अगदी तिच्या पायांजवळ, जमिनीवर बसले. तिने पाय मागे घेतले. बाबा वर बघून हळूच म्हणाले, "पूर तुझा नव्हं. तू सांग. प्रभू तुला कुठं भेटला?"

मार्थाबाईने मान खाली घातली. पुराचे तिने कुणाला सांगितले नव्हते.

 आणि तान्हाबाईने आपले सांगायला सुरुवात केली. अडखळतच. एकेक शब्द विहिरीतून भरलेली घागर ओढावी तसा वर येत होता. तिने सांगितले, की दोर वळायला दोन माणसे लागतात. एकाने टोक ताणून धरायचे, दुसऱ्याने पीळ घालायचा. तिची पोर चालू लागली तेव्हापासून टोक धरायची. दोर वळता वळता मायलेकी गाणी म्हणायच्या. गाताना जीभ अडत नसे. मग पोर गेली. पोटासाठी कामाला तर बसावेच लागले. वाख घेतला, पीळ सुरू केला, आणि इतक्या दिवसांच्या सवयीने तिने दुसरे टोक पोरीच्या जागेकडे फेकले. फेकल्यावर भान आले. आता ते मातीत पडणार, म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

"प… पडलं न्हाई," तान्हाबाई म्हणाली. "दोर ताणला. कु… कुणीतरी धरला."

तिने डोळे उघडले तर समोर कुणी नव्हते. पण दोर ताठ होता. तिने पीळ घातला, दोर वळला जात होता. मग तिच्या लक्षात आले, की दोर थरथरतोय. वाऱ्याने नव्हे. हुंदका देणाऱ्या माणसाच्या हातात थरथरतो तसा. ती कोण आहे म्हणून ओरडली नाही. तिला भीतीही वाटली नाही. ती तशीच दोर धरून बसली. पुढे कधीतरी, बाबांच्या आधीच्या एका मुक्कामात, त्यांच्या तोंडून तिने ऐकले, की प्रभू आपल्या मित्राच्या थडग्यापाशी गेला होता आणि तिथे त्याच्या डोळ्यांना पाणी आले होते. तेव्हा तिने ओळखले, की तो हाच.

"त्यानं माझी पोर प… परत न्हाई दिली," ती म्हणाली. "पर म्या एकली नव्हते. माझ्यासंगं त्यो बी र… र… र…"

शब्द अडला. तान्हाबाईचे तोंड उघडे, मानेच्या शिरा ताठ, आणि तो शब्द येईना. ज्यांना मघाशी हसू आवरत नव्हते त्यांनी श्वास धरून ठेवला.

"रडत हुता," बायकांतून एक आवाज आला.

आवाज खरखरीत होता, गंज चढलेल्या कडीसारखा. कुणाला तो ओळखू आला नाही. शलमोनअण्णांनीही दटावून विचारले, की मध्ये कोण बोलले? मग त्यांनी पाहिले. रिबका उभी होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते. ती तान्हाबाईकडे चालत गेली आणि विचारू लागली, "माझ्यासंगं बी रडत असल का गं आक्का? भिंतीपाशी?"

तान्हाबाईने मान हलवली आणि तिला जवळ घेतले. रिबका मोठ्याने रडली. बाळ गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली! तिच्यापाठोपाठ मंदिरातल्या कितीतरी बाया रडू लागल्या, ज्यांची ज्यांची लेकरे मातीत होती त्या. कुणाला कुणी गप्प केले नाही. बाबा खाली मान घालून बसले होते आणि त्यांच्या दाढीतून टिपे गळत होती.

बऱ्याच वेळाने बाबांनी विचारले, "पंचांचं काय म्हणणं?"

 अण्णांनी दोन्ही हात जोडले आणि नुसती मान डोलावली.

मग काय विचारता! ढोलकी, टाळ, पोरेसोरे, सगळी मंडळी नदीकडे निघाली. पलीकडच्या रानात कापणी करणारी माणसेही विळे खाली ठेवून काठावर आली. बाबा तान्हाबाईला घेऊन कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि त्यांनी मोठ्याने विचारले, "तान्हाबाई, प्रभू येशूवर तुझा विश्वास आहे का?"

तान्हाबाईने तोंड उघडले. जीभ अडली. काठावर शंभर माणसे, पण एकानेही तिच्याऐवजी उत्तर दिले नाही.  नदी वाहत राहिली आणि मंडळी थांबून राहिली.

"हो… हो… व्हय," तान्हाबाई म्हणाली. "हाय."

जो जयजयकार झाला त्याने झाडांवरची पाखरे उडाली. ढोलकी दुमदुमली. बाबांनी तिला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्यात बुडवून वर काढले, तेव्हा ती हसत होती.

ती निथळत काठावर आली. वाटेत शलमोनअण्णा उभे होते. त्यांनी डोक्याचा फेटा काढला, खाली ठेवला आणि सगळ्या गावादेखत आपले कपाळ तिच्या ओल्या पावलांवर टेकवले. तान्हाबाई कावरीबावरी होऊन बाबांकडे बघू लागली. पण बाबांनी या वेळी वाकणाऱ्याला अडवले नाही.

अण्णा वर उठले. रिबका त्यांचा हात धरून शेजारी उभी होती.

"बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कुणी इतका हळू ऐकला नव्हता, "ते समदं पहिल्यापासनं सांगा. आम्हा बापलेकींना. घाई न्हाई."

आणि तान्हाबाई ओल्या लुगड्यानिशी तिथेच दगडावर टेकली आणि सांगू लागली.

ज्याला ज्याला तो भेटला, त्या प्रत्येकाचे तोंड असेच उघडो. आमेन.