थोरल्याला पाणी

"...मग बुवा, पळून आल्यावर नुसत्या पाण्यानं भागतं, की हे लागतंच?"

अंकुश निळ्या एनर्जी ड्रिंकची बाटली हलवत उभा होता. टेकडी पळत चढून आला होता, घामानं निथळत होता, तरी छाती पुढंच होती.

टेकडीवरचा मठ म्हणजे पत्र्याची एक शेड, एक लिंब आणि खाकीबुवा. बुवा ज्वारी निवडत बसले होते.

"लांबचं पळालास, फार घाम गेला, तर चिमूटभर मीठ-साखर घालावी. एरवी पाणी पुरतं. हे तुला शाळेतल्या सरांनीही सांगितलं असतं. त्यासाठी डोंगर चढलास?"

"पण तहान जात नाही ना, बुवा! पाणी पितो, हे पितो, पोट डबडबतं. तहान आहे तिथंच."

"कधीपासून?"

"तालुक्याची मॅरेथॉन मारली तेव्हापासून." अंकुशचा चेहरा उजळला. "सगळ्यांना पाणी पाजलं, बुवा! लहूदादालासुद्धा."

लहू त्याचा थोरला भाऊ. पळायला त्यानंच शिकवलेलं. बुवांना ते ठाऊक होतं, साऱ्या गावाला ठाऊक होतं.

बुवांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आणि त्याआधी? तेव्हा कशानं जायची तहान?"

"तेव्हा..."

अंकुश खाली बसला. बाटली त्यानं मागं सरकवली.

"तेव्हा दोघं पळायचो. दादा कायम पुढं. पायथ्याच्या विहिरीवर आधी पोचायचा, पाणी शेंदून तांब्या भरून धरायचा. मी गेलो की लगेच द्यायचा नाही. म्हणायचा, बस आधी. दम खा. मग तोंडात गुळाचा खडा घालायचा, मग तांब्या."

"आणि आता?"

"आता मी एकटाच पळतो. बाटली कमरेला."

"लहू?"

"पळणं सोडलं त्यानं. सकाळी विहिरीवर मोटार चालू करायला येतो. मला पाहिलं की पाठ फिरवतो." अंकुशनं नाक पुसलं. "मी मुद्दाम तिथं हळू होतो, बुवा. वाटतं, आज तरी म्हणेल, बस आधी..."

लिंबाची पानं हलली. बुवा ज्वारी निवडत राहिले.

"हरल्याचं त्याला काही नव्हतं. हरला तेव्हा पहिली मिठी त्यानंच मारली. पण पोरांनी फाट्यावर फ्लेक्स लावला. माझा हा एवढा फोटो, आणि खाली लिहिलं, 'थोरल्याला पाणी पाजणारा धाकटा'."

"तू काढायला लावलास?"

"...नाही."

"का?"

"फोटो चांगला आला होता."

बुवांना हसू आलं, पण त्यांनी ते दाढीतच ठेवलं. अंकुश मात्र हसला नाही. आता त्याची छाती पुढं नव्हती.

"फार आठवण येते हो त्याची. एकाच घरात राहतो, तरी येते." त्यानं निळी बाटली आणखी लांब सारली. "घसा सुकलाय, बुवा. घोटभर पाणी तरी द्या."

बुवा उठले. शेडच्या कोपऱ्यातून पितळी तांब्या आणला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला.

अंकुशनं घाईघाईनं तोंडाला लावला. मग खाली घेऊन आत पाहिलं.

"बुवा, हा तर रिकामा आहे..."

"असू दे. विहीर वाटेतच आहे."

"पण तिथं आत्ता दादा असेल."

बुवा पुन्हा ज्वारीपाशी बसले. तांब्यासोबत मुठीत आणलेला थोडा गूळ त्यांनी अंकुशपुढं ठेवला.

"फ्लेक्सवर लिहिलंय, तेवढं एकदा खरं करून ये."