आवडामायची तांबडी करवंटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. खारवलीच्या खाडीला तेव्हा पूल नव्हता आणि सगळी मिठागरं एकट्या खोताची होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

त्या मिठागरात आवडा नावाची एक बाई मीठ वाहायची. बापयांनी लाकडी फावड्याने वाफ्यातलं मीठ ओढायचं आणि बायांनी ते टोपल्यांतून खळ्यावर नेऊन टाकायचं, अशी तिथली कामाची वाटणी. वरून ऊन, खालून मिठाची झळ, समोरून खारा वारा. माघ सरला की सगळ्यांचे ओठ फुटायचे. साधे नव्हेत, रक्त येईस्तोवर. पण पोटासमोर ओठांचं कोण ऐकतं?

एका वर्षी आवडाची लेक मंजुळा पहिल्यांदा मिठागरात आली. पंधरा दिवसांत तिचे ओठ असे फुटले, की आमटीचा थेंब लागला तरी पोर कळवळायची.

"आये, तोंड उघडत नाय गे," ती म्हणाली आणि ताट सारून उठली.

आवडाच्या काळजाला घरं पडली. ती औषध शोधायला लागली, आणि ती एकदा लागली की ऐकणारी बाई नव्हती.

आधी तिने नुसतं कोकमाचं तेल लावून पाहिलं. कोकमाच्या बिया कुटून, उकळून काढलेलं ते तेल गार झालं की गोळा होऊन बसतं. पण उन्हात ते वितळायचं आणि पोर चाटून टाकायची. मग आवडाने त्यात मधाच्या पोळ्याचं मेण वितळवलं. आता ते ओठावर टिकलं, पण नवीनच पंचाईत झाली. पांढऱ्या मिठात, पांढऱ्या उन्हात, औषध ओठावर आहे की उडून गेलं ते कळेना. कळायचं ते रक्त आल्यावरच.

म्हणून आवडाला रंग हवा होता, बाकी कशासाठी नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण यावरूनच झालं.

तिने कोकमाचा लालभडक रस घालून पाहिला. रस तळाला बसला, तेल वर राहिलं, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मग एके दिवशी परसातल्या शेंदरीची बोंडं फोडताना तिची बोटं रंगली. पाण्याने रंग हलेना. हात भांड्यातल्या तेलाला लागला मात्र, तेल तांबडं झालं! आवडा तिथेच मटकन बसली आणि एकटीच हसत राहिली, असं म्हणतात.

तेलात शेंदरीच्या बिया मंद आचेवर ठेवायच्या, फडक्याने गाळायचं, मेण घालायचं, करवंटीत ओतून गार करायचं. झालं औषध. ओठांचा रंग उतरला की समजायचं, परत लावायची वेळ झाली. आठ दिवसांत मंजुळा भाकरी खायला लागली. महिन्यात सगळ्या बायांचे ओठ तांबडे. बापये मात्र फुटक्या ओठांनीच फिरत होते. बायकांसारखे ओठ रंगवायचे म्हणजे काय!

एक दिवस खोत मिठागर बघायला आला आणि भडकला.

"कामार येतास की जत्रेक? तांबड्या ओठांची एक पण बायल उद्यापासून माझ्या बांधार दिसाक नको."

"खोतानूं, ह्यो नखरो नाय," आवडा म्हणाली. "रंग गेलो की कळता, परत लावूक होया."

"मगे पांढरा लाव."

"पांढऱ्या मिठात पांढरा कसा दिसतला?"

खोताने मुकादमाला बोलावून तोच हुकूम बजावला. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो हुकूम सोडतो. दुसऱ्या दिवसापासून बाया घरी बसल्या. चार दिवसांनी चुली थंडावल्या. काहीजणी म्हणाल्या, रंग पुसून जाऊया. आवडाही डगमगली, खोटं कशाला सांगू? पण मंजुळाच्या ओठांवरची नवी कातडी दिसली की तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना.

नवव्या दिवशी अमावास्या होती. ऐन दुपारचं उधाण. खाडीचं पाणी अडवणारा बांध रोज चिखलाने लिंपायचं कामही बायांचंच. आठ दिवस तो लिंपला नव्हता, त्यामुळे त्याला भगदाड पडायला आलं होतं. आत वर्षाचं मीठ उघड्यावर. मुकादम धापा टाकत आवडाच्या दारात आला. मागोमाग खुद्द खोत.

"चल गे आवडे! बांध गेलो तर सगळा गेला."

"येतंव," आवडा म्हणाली. "पण आजपासून रीत माझी. बांधार पाय ठेवतलो तेचे ओठ तांबडे होये. बायल असो नायतर बापयो."

तिने करवंटी खोतापुढे धरली. खोताने आपल्या पांढऱ्याशुभ्र मिशीवरून हात फिरवला.

"मिशेक लागात," तो हळूच म्हणाला.

"मिशी धुवक येता. बांध धुवान गेलो तर परत येवचो नाय."

खोताने करवंटीत बोट बुडवलं. मग मुकादमाने, मग एकेका बापयाने. शंभर माणसं तांबड्या ओठांनी बांधावर उभी राहिली आणि चिखलाच्या टोपल्या हातोहात फिरल्या. असं म्हणतात, की खाडीचं पाणी बांधाच्या माथ्याशी आलं, त्या रांगेकडे बघत घटकाभर तसंच उभं राहिलं, आणि शेवटची टोपली पडली तसं आल्या वाटेने मागे फिरलं. असंही म्हणतात, की त्या वर्षीचं मीठ कडेला गुलाबी होतं. खरंखोटं खाडीला ठाऊक.

आज खोतही नाही, खोतीही नाही. पण दर पौषात, मिठाच्या वाफ्यांचा तळ तुडवून घट्ट करायच्या पहिल्या दिवशी, अख्खी खारवली बांधाशी जमते. आवडामायच्या नावाने करवंटी फिरते आणि पहिलं बोट बुडवायचा मान खोताच्या घराण्याचा. सरपंच असो की शाळामास्तर, कोरड्या ओठांनी बांधावर कोणी पाय ठेवत नाही.

मागच्या वर्षी गावात नवे तलाठी आले होते. करवंटी पुढे आली तशी त्यांनी आजूबाजूला पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "मिशीला लागेल हो."

अख्खा गाव एका सुरात म्हणाला, "मिशी धुवक येता!"