ओंडक्याचा राखणदार

फार पूर्वी मिथिलेत सोमदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या रानात शिंगाळा भुंगेरा होऊन जन्मला. अळीच्या रूपात त्याने तीन पावसाळे कुजक्या लाकडाच्या अंधारात एकट्याने काढले. बाहेर आला तेव्हा पाठीवर काळे कवच होते आणि डोक्यावर टोकाशी दुभंगलेले लांब शिंग.

एका बेहड्याच्या सालीतून गोड रस झरत असे. तिथे जो भुंगेरा येई, त्याला बोधिसत्त्व शिंगावर उचलून खाली फेकी. हळूहळू कोणी येईनासे झाले. रस भरपूर होता. सोबतीला कोणी नव्हते.

एके सकाळी आखूड शिंगाचा एक भुंगेरा आला. त्यालाही त्याने फेकले. तो दगडावर उताणा पडला आणि मुंग्यांनी त्याला वेढले. बोधिसत्त्व खाली उतरेपर्यंत सारे संपले होते. जवळच पडलेल्या ओंडक्यातून एक थकलेली मादी बाहेर आली. आत आपण अंडी घातली आहेत, ती या मेलेल्या भुंगेऱ्याचीच आहेत, असे तिने सांगितले. दोन दिवसांनी तीही गेली.

बोधिसत्त्व पुन्हा बेहड्यावर चढला नाही. रसाची जागा इतरांनी घेतली. तो ओंडक्यावर बसून राही. पुढे आतून अळ्यांची बारीक कुरतड ऐकू येऊ लागली; त्याच्याशी बोलणारे मात्र कोणी नव्हते.

थंडीच्या तोंडावर कोळसे पाडणारा भद्रिक कुऱ्हाड घेऊन आला. घाव पडणार तिथेच भुंगेरा जाऊन बसला. भद्रिकाने त्याला बोटाने उडवले, तो परतला. दुसऱ्यांदा उडवल्यावर त्याचा पाय मोडला, तरी तो खुरडत आला.

भद्रिक कुऱ्हाड टेकून म्हणाला, “अरे, मरायची एवढी घाई का?”

“आत पोरकी पिले आहेत. त्यांचा बाप माझ्या शिंगाने मेला.”

“ती तुला ओळखतील तरी का?”

“नाही. ती बाहेर येतील तेव्हा मी नसेन. तरी त्यांना वाढू दे.”

बायको वारल्यापासून भद्रिक रानात एकटाच राहत होता. त्याने कुऱ्हाड बाजूला ठेवली. मग त्याने पालापाचोळा ओढून ओंडका झाकला आणि दुसरे लाकूड शोधायला निघून गेला. पहिल्या कडक थंडीत भुंगेरा तिथेच निमाला.

एकटेपणाने खचून विहार सोडू पाहणाऱ्या एका भिक्षूला शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. मग ते म्हणाले, “तो भुंगेरा मी होतो आणि भद्रिक तू. ज्या अळ्यांना तू कधी पाहिलेही नाहीस, त्याच आज तुझ्या शेजारी बसलेले हे भिक्षू. न पाहिलेल्यांनाही जपणे, यालाच मैत्री म्हणतात.”