टुण्याचे आजोबा फुटले

गावाबाहेर होतं एक डबकं. काठावर राहायचा टुण्या. टुण्या म्हणजे बेडकाचं पिल्लू. एवढंसं, बोराएवढं.

एकदा काय झालं, वर आभाळात आला पांढरा ढग. तो दिसला खाली पाण्यात. हे मोठ्ठं पोट! हे दोन डोळे! दुमडलेले पाय!

टुण्या म्हणाला, "अरेच्चा! हे तर माझे आजोबा! आजोबा, डरांव!"

आजोबा बोलले नाहीत. नुसते डुलत राहिले. टुण्या त्यांना चिकटून बसला.

तेवढ्यात आली म्हैस. धप धप धप. पाण्यात बसली. धबाक्! पाणी झालं गढूळ. आजोबांचे झाले तुकडे. एक डोळा इकडे, एक पाय तिकडे. मग तेही दिसेनात.

टुण्या रडायला लागला. "फुटले हो, माझे आजोबा फुटले!"

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, पाण्यातून ऊठ की! आजोबा माझे जुळू देत."

म्हैस म्हणाली, "उठते रे बाबा. पण गोचिड चावतात. बगळा गोचिड वेचेल, तर मी उठेन."

टुण्या निघाला. टुणुक टुणुक टुणुक.

"बगळेदादा, बगळेदादा,
म्हैस पाण्यातून उठेना,
आजोबा माझे जुळेनात.
गोचिड वेच की!"

बगळा एका पायावर उभा. म्हणाला, "पायात काटा रुतलाय. मुंगी काटा काढेल, तर मी वेचेन."

टुणुक टुणुक टुणुक.

"मुंगीताई, मुंगीताई,
बगळा गोचिड वेचेना,
म्हैस पाण्यातून उठेना,
आजोबा माझे जुळेनात.
काटा काढ की!"

मुंगी म्हणाली, "पोटात नाही दाणा, अंगात कुठून जोर? चिऊ दाणा पाडेल, तर मी काढेन."

टुणुक टुणुक टुणुक.

"चिऊताई, चिऊताई,
मुंगी काटा काढेना,
बगळा गोचिड वेचेना,
म्हैस पाण्यातून उठेना,
आजोबा माझे जुळेनात.
दाणा पाड की!"

चिऊ कुंपणात लपलेली. हळूच म्हणाली, "बाजरीत तो माणूस उभा आहे ना! डोळे वटारतो मेला. तो जाईल, तर मी पाडेन."

टुण्या घाबरला. पण आजोबा फुटलेले! मग कसलं घाबरायचं? टुणुक टुणुक टुणुक.

"माणूसकाका, माणूसकाका,
चिऊ दाणा पाडेना,
मुंगी काटा काढेना,
बगळा गोचिड वेचेना,
म्हैस पाण्यातून उठेना,
आजोबा माझे जुळेनात.
बाजूला व्हा की!"

माणूस बोलेना. माणूस हलेना. हो नाही, नाही नाही.

टुण्या चढला काठीवर. टुणुक. चढला सदऱ्यावर. टुणुक. चढला डोक्यावर. टुणुक! डोकं वाजलं, टण्ण!

"चिऊताई गं! हा माणूस नाही. हे तर मडकं! डोळे चुन्याचे आहेत, चुन्याचे!"

"अगंबाई! आणि मी सकाळपासून उपाशी!" चिऊ हसली. भुर्रकन आली.

चिऊनं दाणा पाडला. टप्! दाणा खाऊन मुंगीनं काटा काढला. सुळ्ळ! बगळ्यानं गोचिड वेचले. टिप टिप टिप! आणि म्हैस उठली. धप धप धप.

टुण्या काठावर बसला. पाणी हललं. पाणी डुललं. गाळ खाली बसला. हळू... हळू... आला एक पाय. आला दुसरा पाय. आलं मोठ्ठं पोट. आणि आले दोन डोळे!

"जुळले! माझे आजोबा जुळले!"

सगळे वाकून बघायला लागले.

म्हैस म्हणाली, "कुठले आजोबा? हा तर पेंडीचा गोळा."

बगळा म्हणाला, "छे छे, मासा आहे, जाडजूड मासा!"

मुंगी म्हणाली, "गुळाची ढेप आहे ती."

चिऊ म्हणाली, "डोळे फुटले का तुमचे? माझं घरटं ते!"

"शूऽऽ," टुण्या म्हणाला. "हळू बोला. आजोबांना आत्ताच झोप लागलीय."

मग सगळे गप्प बसले. पाणीसुद्धा.