शिंगं आणि टिंबं

"...पण व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं होती की नव्हती, सर? तेवढंच सांगा."

"नव्हती," अणावकर सर म्हणाले. "असल्याचा पुरावा नाही."

हेरंबला बरं वाटलं. एवढं एक वाक्य ऐकायला तो दोन एसट्या बदलून, भर उन्हात, देवळामागच्या या वीरगळापाशी, लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेपाशी, आला होता. जुने शिलालेख वाचायला तो याच सरांकडे शिकला. आता कॉलेजात शिकवतो, आणि आपल्यासारखं वाचणारा जिल्ह्यात दुसरा नाही असं त्याचं प्रामाणिक मत आहे. असो.

सर लेखाचा ठसा घेत होते. दगडावर ओला कागद पसरायचा, ब्रशने हलके हलके ठोकत बसायचं. हाताखाली कुणी नव्हतं. बरीच वर्षं नव्हतं.

हेरंबने पिशवीतून वही काढली. टीव्हीवर युरोपातल्या या व्हायकिंग दर्यावर्दी योद्ध्यांची मालिका लागायची, तिच्यातल्या चुका त्याने टिपल्या होत्या. दोनशे बारा.

"शिंगं तर आहेतच. शिवाय एका राजाला चक्क शंभर वर्षं आधी जन्माला घातलंय. लोक हेच खरं धरून चालतात, सर. तुम्ही चार ओळींची प्रस्तावना द्या, मी छापतो."

सरांनी हात पुसले आणि वही चाळली. एकेक पान, सावकाश.

"काम चोख आहे. ...एकट्यानं केलंस?"

"एकट्यानंच. आधी शाल्मली बसायची शेजारी."

शाल्मली त्याची मुलगी, सोळा वर्षांची. तिची आई गेल्यापासून घरात दोघंच. रविवारी जेवणं आटोपली की एका चादरीत पाय घालून, मध्ये शेंगदाण्यांची ताटली ठेवून बापलेक ही मालिका बघत. पाचव्या भागात जहाज वादळात सापडलं. पोरगी जीव मुठीत धरून बसलेली. आणि या गृहस्थाने नेमका तिथेच आवाज बंद करून शीड कसं चुकलंय ते सांगायला घेतलं.

ती उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्याला आठ महिने झाले. आता बोलणं ताट वाढण्यापुरतं. चादरीचं दुसरं टोक तसंच पडून असे. येत्या सोमवारी ती हॉस्टेलवर राहायला जाणार होती.

"उठताना काय म्हणाली?" सरांनी विचारलं.

"तिला खोटंच आवडतं, सर. हल्लीच्या पोरांना खऱ्याचं काही..."

"काय म्हणाली, ते विचारतोय."

"काही नाही. काही बोलली नाही."

सरांनी दगडावरचा कागद एका कोपऱ्यातून जपून उचलला. खाली तीन ओळी होत्या. तिसरी मधोमध फुटलेली.

"वाच."

हेरंबने घडाघडा वाचलं. फुटक्या जागेशी आला आणि थांबला.

"इथे काय लिहिशील?"

"टिंबं. जेवढी अक्षरं गेली असतील तेवढी."

"वीराचं नाव असणार. अंदाज येतो?"

"येतो. पण आपल्या पदरचं घालायचं नाही. तुम्हीच शिकवलंत."

"मग पोरगी काही बोलली नाही, त्या जागी आपल्या पदरचं का घातलंस?"

हेरंबचा चेहरा उतरला. देवळामागे दुसरं चिटपाखरू नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं. तसं ते आठ महिने रोजच वाटत होतं, पण आज ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येईना.

त्याने वही परत घेतली आणि पेन काढलं. वहीच्या शेवटच्या पानावर 'शाल्मली' असं लिहिलं, आणि पुढे नीट, सारख्या अंतरावर, टिंबं घातली.

मग वही सरांपुढे धरली. वर्गात पाटी दाखवावी तशी.

"आता बरोबर आहे ना, सर?"

सरांनी पान पाहिलं. वही मिटून त्याच्या पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली.

"टिंबं दगडासाठी असतात," ते म्हणाले. "त्याला विचारता येत नाही."