बंधाऱ्याचं पदक

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तिच्यातल्या माणसांची नावं त्यांच्या पणतवंडांनाही आठवत नाहीत. तेव्हा लहानांनी ती विचारू नयेत, आणि मोठ्यांनी ती ठाऊक असल्याचा आव आणू नये.

एक राज्य होतं. तिथल्या राजांची एक रीत होती. राज्यात काही मोठं घडलं, की त्याची आठवण म्हणून चांदीची पदकं पाडायची. लढाई जिंकली, घाटातून वाट काढली, तळं बांधलं, की टांकसाळीत ठसा कोरला जाई. पदकावर घडलेल्या गोष्टीचं चित्र असे, आणि ज्यांनी ते काम केलं त्यांना ते भर दरबारात मिळे. अक्षर थोड्यांना येत होतं, पण चित्र सगळ्यांना वाचता येत होतं.

त्या राज्यात नदीकाठच्या गढीत एक सरदार राहत होता. त्याला या पदकांचं वेड होतं. कुणाच्या घरी जुनं पदक आहे असं कानावर आलं, की हा घोड्यावर बसलाच म्हणून समजा. गोड बोलून, गाय देऊन, कधी नुसतंच ठाण मांडून तो ते घेऊन यायचा. गढीच्या दिवाणखान्यात लाल मखमलीवर त्याने ती सगळी ओळीने मांडली होती, आणि दर शनिवारी चिंच आणि बारीक राख घेऊन तो ती स्वतःच्या हाताने घासायचा. नोकरांना हात लावू देत नसे. पाहुणा दारात आला, की लखलखाटाने त्याचे डोळे दिपायचे आणि सरदाराची छाती वीतभर फुगायची.

यातलं सगळ्यांत लाडकं पदक होतं बंधाऱ्याचं. सरदाराच्या आजोबांनी नदीवर दगडी बंधारा बांधवला, तेव्हा राजाने त्यांना दोन पदकं दिली होती. एक त्यांनी या नातवाला दिलं, आणि दुसरं नातीला लग्नात दिलं. ही नात म्हणजे सरदाराची थोरली बहीण, आक्का. तिला नदीपलीकडच्या वडाच्या गावात दिलं होतं.

भाऊबीजेला सरदार आक्काकडे गेला, की ती ओवाळायची आणि मग तांदळाच्या कणगीत हात घालून आपलं पदक पोराबाळांना दाखवायला काढायची. धान्यात चांदी असावी, ही तिच्या सासरची रीत. फडक्यात गुंडाळलेलं ते पदक पाहून सरदाराला हसू आवरायचं नाही.

"आक्का, हे पदक आहे की तव्याचा तळ? अगं, घास की जरा!"

"कशाला रे? झालंय काय त्याला?"

"काळं ठिक्कर पडलंय. आजोबांना काय वाटेल?"

"आजोबांनी पाहायला दिलंय, तोंड बघायला नाही," आक्का म्हणायची आणि पदक पुन्हा तांदळात ठेवायची. सरदार मान हलवायचा. बायकांना यातलं काय कळतंय, असं त्याचं ठाम मत होतं.

अशी वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात नदीला असा पूर आला, की आजोबांचा बंधारा पायासकट वाहून गेला.

राजाने तो नव्याने बांधायला घेतला. पाथरवटांनी विचारलं, "महाराज, पाण्याची दारं पाच होती हे सगळेच सांगतात. पण गढीच्या बाजूला किती आणि वडाच्या बाजूला किती?"

झालं! एवढ्यावरून दोन्ही गावं उठली. पाणी भरपूर होतं तोवर कुठल्या बाजूला किती दारं, हे कुणी मोजलं नव्हतं. आता गढीवाले म्हणाले, "तीन आमची." वडवाले म्हणाले, "खोटं! तीन आमच्याकडं व्हती. तिसरं दार गेलं तर खालची भातं वाळून जातील, आमी खायाचं काय?" बोलता बोलता काठ्या बाहेर आल्या.

सरदार मात्र निवांत होता. मिशीवर हात फिरवत तो म्हणाला, "भांडता कशाला? बंधाऱ्याचं चित्र माझ्यापाशी आहे. गढीकडे तीन दारं आहेत. मी हजारदा पाहिलंय." आणि तो खोटं बोलत नव्हता बरं का. पाहुण्यांना सांगून सांगून त्याला तसं खरंच दिसायला लागलं होतं.

भरल्या दरबारात त्याने मखमलीची पेटी उघडली. राजाने पदक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"सरदार," राजा म्हणाला, "यात मला फक्त माझ्या मिशा दिसताहेत."

दरबारात हशा पिकला. सरदाराने घाईने पदक घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते नीट पाहिलं. ना बंधारा, ना दार, ना नदी. चिंच आणि राखेने सगळं कधीच खाऊन टाकलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सरदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागे दोन्ही गावांची माणसं एकमेकांवर धावून जाऊ लागली. राजाने हात वर केला. "उद्या सकाळपर्यंत पुरावा आणा. नाहीतर पाचवं दार मी बुजवून टाकतो. मग कुणालाच जास्त मिळणार नाही, आणि भांडणही उरणार नाही."

सरदार तडक आक्काकडे गेला. उंबऱ्यातच उभा राहिला, आत यायची त्याला लाज वाटत होती.

"आक्का, तुझं पदक देतेस?"

आक्काने त्याचं तोंड पाहिलं आणि सगळं ओळखलं. तिने एका शब्दानेही टोमणा मारला नाही. कणगीतून फडकं काढून त्याच्या हातात दिलं आणि वर तांदळाच्या पिठाची पुडी दिली. "घासू नकोस. चिमूटभर पीठ चोळ आणि फुंकर मार. पोरांना मी तसंच दाखवते."

परतताना नदीकाठी सरदाराने तसं करून पाहिलं. काळ्या चांदीवर पांढऱ्या रेषा उमटल्या. एकीकडे गढी, एकीकडे वड, मध्ये बंधारा. गढीकडे दोन दारं होती आणि वडाकडे तीन.

त्याची स्वतःची आमराई गढीकडच्या पाटावर होती. सगळं गाव त्याच्या शब्दावर उभं होतं. आणि तिसरं दार असून असून केवढं? जोंधळ्याच्या दाण्याएवढं. चिमूटभर राख लावून अंगठा फिरवला असता, तरी ते गेलं असतं. अंगठा त्याच्याइतका सरावलेला कुणाचा होता? त्याने अंगठा मुठीत मिटून घेतला. मग त्याने ते फडक्यात बांधलं आणि पागोट्यात खोचलं.

सकाळी दरबार भरला. पदक पाहताच दरबाराचा कारभारी ओरडला, "महाराजांपुढं असली काळी वस्तू? कोण आहे रे तिकडे, चिंच आणा, लख्ख करा ती आधी!" नोकर वाटी घेऊन धावला. त्याची ओली बोटं पदकाला लागणार, तोच सरदार अंगात आल्यासारखा झेपावला आणि त्याने दोन्ही हातांनी पदक झाकलं.

"खबरदार! चिंच लांब ठेवा! जन्मभर मी हेच केलं, आता माझ्यादेखत कुणी करायचं नाही!"

त्याने पीठ चोळलं, फुंकर मारली आणि पदक राजापुढे धरलं. राजाने वाकून पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "गढीकडे दोन. वडाकडे तीन."

गढीवाल्यांनी सरदाराला घेरलं. "धनी, आपलंच पाणी घालवलंत!"

"आपलं कुठलं?" सरदार म्हणाला. "आजोबांनी दोनच दारं ठेवली होती. मी तुम्हाला तीन सांगत होतो, ती माझी चूक. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण दार त्यांचं आहे."

बंधारा उभा राहिला. खालची भातं वाचली, आणि वरच्या आमराईलाही दोन दारांचं पाणी पुरून उरलं. सरदार पदकं गोळा करतच राहिला, वेड असं थोडंच जातं! पण चिंच तेवढी स्वयंपाकघरात परत गेली. आपलं बंधाऱ्याचं पदक मात्र त्याने दिवाणखान्याच्या दारातच टांगलं. पाहुणा विचारायचा, "सरदार, या पदकावर काय आहे?"

सरदार म्हणायचा, "बघा की. काय दिसतंय?"

"माझंच तोंड दिसतंय!"

"मलाही इतकी वर्षं तेच दिसत होतं," सरदार म्हणायचा आणि त्याला आत, नव्याने जमवलेल्या, न घासलेल्या काळ्या पदकांकडे घेऊन जायचा.

तात्पर्य: इतिहास हौसेने फार घासला, की त्याचा आरसा होतो, मग घडलेलं दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं.