वाटेवरचा भोपळा

“मग बुवा, उद्यान आणि बाग यांत फरक काय, ते तुम्हीच सांगून टाका!”

टिपणीसांचा आवाज चढला होता. गुरूपुढे आवाज चढवू नये, हे त्यांना ठाऊक होतं. पण सकाळपासून त्यांचं एकही उत्तर धड जमिनीवर पडलं नव्हतं.

अच्युतबुवा मठाच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“मीच सांगायचं, तर अनुग्रहही मीच घेतो की.”

श्रीरंग टिपणीस नगरपालिकेच्या उद्यानाचे निवृत्त अधीक्षक. निवृत्त झाल्यावर माणसाला एक तर मधुमेह होतो, नाही तर अध्यात्म. टिपणीसांना दोन्ही झालं होतं. साखर गोळीने आटोक्यात होती. अध्यात्म मात्र अनुग्रहावाचून अडलं होतं. बुवांनी कानात मंत्र द्यावा, डोक्यावर हात ठेवावा आणि चारचौघांत ‘हा माझा शिष्य’ म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. चारचौघांत, यावर जरा जोर होता.

बुवांनी एकच अट घातली होती. उद्यान आणि बाग यांतला फरक सांगा, अनुग्रह घेऊन जा.

अट ऐकून टिपणीस मनात हसले होते. ज्याने सारी नोकरी उद्यानात काढली, त्याला हा प्रश्न!

“उद्यान मोठं असतं, बाग लहान,” ते सकाळी म्हणाले होते.

“पलीकडच्या जाधवांची पेरूची बाग बघितलीत? तुमचं उद्यान तिच्या कोपऱ्यात मावेल.”

“उद्यान सगळ्यांचं असतं. बाग एकाची.”

“मग ही मठातली कुणाची? माझी? मी तर उद्या मरेन.”

“उद्यान पाहण्यासाठी, बाग खाण्यासाठी.”

“मोगरा कसा लागतो हो चवीला?”

“उद्यानाला वेळा असतात! उघडण्याची, बंद होण्याची. बागेला नसतात.”

“हं...” बुवा थांबले. टिपणीसांना वाटलं, जमलं. “माझ्या भुकेलाही वेळ नसते. ती काय बाग झाली?”

म्हणून आवाज चढला होता.

बुवांनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या.

“टिपणीससाहेब, तुमच्या उद्यानाची एखादी गोष्ट सांगा. तुम्हाला अभिमान वाटतो अशी.”

टिपणीस खुलले. हा प्रश्न त्यांना कुणी घरीही विचारला नव्हता.

“आमच्याकडे गुलाबाचा एक वाफा होता, बुवा. जिल्ह्यात तसा नव्हता. नगराध्यक्षांच्या मेहुण्यांना गुलाबाने शिंका यायच्या. आदेश आला, गुलाब काढा. एका सकाळीत अख्खा वाफा साफ केला! दुपारी तिथे शोभेची रंगीत पानं लावून मोकळे. साहेबांनी पाठ थोपटली.”

“आणि तुम्हाला काय वाटलं?”

“मला?” टिपणीस गोंधळले. “मला काय वाटायचं? आदेश होता.”

बुवांनी निवडलेली मेथी परातीत गोळा केली.

“आज्ञापालन म्हणजेच शिष्यत्व, असं तुम्हीच प्रवचनात म्हणता. त्या हिशेबाने माझी साधना नोकरीतच झाली. वरून आलेल्या शब्दाला मी जन्मात नाही म्हटलेलं नाही.”

“असं?” बुवा म्हणाले आणि मेथी घेऊन आत गेले.

मठामागची पडीक जागा बुवांनी टिपणीसांच्या हवाली केली होती. टिपणीसांनी तिचं सोनं केलं होतं, म्हणजे नगरपालिका केली होती. कडेने तिरप्या रोवलेल्या विटा, एक गेरूची, एक चुन्याची. मध्ये सरळ वाट. दोन्ही बाजूंना कातरलेली मेंदी. तिच्यातली एक हत्तीसारखी दिसावी असा बेत होता, सध्या ती म्हशीवर थांबली होती. आणि दर्शनी भागात पाटी : ‘फुले तोडू नयेत.’

या सगळ्या शिस्तीत एक आगंतुक शिरला होता.

मठाच्या स्वयंपाकघराचं पाणी विटांच्या कडेला येऊन मुरे. त्या पाण्याबरोबर कधीतरी भोपळ्याची बी आली आणि रुजली. टिपणीसांनी पहिल्याच दिवशी ती दोन पानं पाहिली. उपटायला वाकले, तेवढ्यात कंबरेत उसण भरली. उद्या उपटू म्हणाले. निवृत्त माणसाचा ‘उद्या’ फार ऐसपैस असतो.

त्या उद्यात वेल विटांवर चढला. तिथून वाटेवर उतरला. वाट ओलांडून पाटीच्या खांबाला त्याने तणावे गुंडाळले. टिपणीस रोज त्याच्याकडे रागाने बघत, आणि बघता बघता त्याच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतत.

मग फुलं आली. पिवळी, मोठी, हळदीने माखल्यासारखी. काही फुलांखाली गोटीएवढा भोपळा आधीच बसलेला असे. पण तो दोन दिवसांत पिवळा पडून गळून जाई. मधमाश्या फिरकत नव्हत्या. मेंदी कातरून कातरून तिला फुलायला सवडच ठेवली नव्हती. माश्यांनी यावं तरी कशाला?

टिपणीसांनी उपाय केला. भल्या सकाळी, इकडेतिकडे बघत, ते नराचं फूल तोडत आणि त्याचा पराग हलक्या हाताने मादीच्या फुलात टेकवत. मुख्याध्यापकाने शाळेमागे विडी ओढावी, तसा सगळा चोरटा कारभार. फूल तोडताना डोकं नेमकं आपल्याच पाटीला लागे.

एक भोपळा धरला. लिंबाएवढा झाला. मुठीएवढा झाला. टिपणीसांनी त्याच्याखाली गवत पसरलं आणि त्यावर आपला जुना हातरुमाल घातला.

त्याच सुमाराला मठाच्या मंडळींनी ठरवलं, या जागेचं थाटात उद्घाटन करायचं. मंत्री येणार होते. शाल येणार होती, नारळ येणार होता. टिपणीसांच्या खांद्यावर आजवर फक्त स्वतःचा टॉवेल पडला होता.

आदल्या दिवशी संध्याकाळी बुवा काठी टेकत मागे आले. सोबत कुणी नव्हतं.

“टिपणीससाहेब, ठरलं. उद्याच अनुग्रह. मंत्र्यांसमोर, सगळ्या गावासमोर.”

टिपणीसांचे डोळे भरून आले. “बुवा... पण ते फरकाचं उत्तर?”

“सोडा ते. आज्ञापालन हीच साधना, तुमचंच म्हणणं. एक काम करा फक्त.” बुवांनी काठी वाटेवर आपटली. “पाहुणे इथून येणार. हा वेल आडवा पडलाय. उपटा.”

“हो बुवा,” टिपणीस म्हणाले.

तोंड म्हणालं. सवयीचं तोंड.

ते वाकले. उसण भरली नाही. वेलाचं बूड मुठीत आलं. बारीक काटेरी लव हाताला टोचली. रोज सकाळी टोचायची, तशीच.

“उद्या सकाळी उपटला तर...?”

“आत्ता.”

टिपणीस तसेच वाकून राहिले. समोर रुमालावर भोपळा बसला होता. हिरवा, पांढऱ्या रेघांचा. एका अंगाला जरा चपटा.

मूठ सुटली.

“नाही,” टिपणीस म्हणाले.

“काय म्हणालात?”

“नाही उपटणार.” स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले. मग त्यांना तो बरा वाटला. “नाही उपटणार, बुवा!”

“गुरूची आज्ञा आहे.”

“असेल.”

“अनुग्रह मिळणार नाही.”

टिपणीसांनी भोपळ्याखालचा रुमाल सारखा केला.

“...नको.”

“शाल?”

“टॉवेल आहे माझ्याकडे.”

“मठातून घालवून देईन.”

“द्या! पण वेल इथेच राहील. मंत्र्यांना सांगा, ओलांडून जा. ओलांडता येत नसेल, तर त्या बाजूने चिखलातून जा. गुलाब काढला तेव्हा मेहुण्याला कुणी सांगितलं नाही, की बाबा, तू नाक दाबून जा. मीही सांगितलं नाही...”

बुवांनी काठी उगारली. टिपणीसांवर नाही, भोपळ्यावर.

आणि ज्या माणसाने उभ्या नोकरीत साहेबाच्या टेबलावरची टाचणी विचारल्याशिवाय उचलली नव्हती, त्याने गुरूची काठी वरच्या वर धरली.

दोघं तसेच उभे राहिले. काठीचं एक टोक बुवांच्या हातात, दुसरं टिपणीसांच्या. मेंदीची म्हैस बघत होती.

“सोडा,” बुवा म्हणाले.

“नाही सोडणार.”

“बरं...” बुवांनीच काठी सोडली.

त्यांनी धोतर वर धरलं आणि वेल जपून ओलांडला. पाटीपाशी गेले. खांबावरचे तणावे एकेक करून अलगद उलगडले, पाटी उपसली, “बागेत पाटी कशाला?” म्हणत ती काखेत मारली आणि मठाकडे चालू लागले. वेल जमिनीवर मोकळा झाला.

टिपणीस काठी धरून उभे होते.

“बुवा... मी जाऊ मठातून?”

बुवा चालतच राहिले.

“आणि... अनुग्रह?”

बुवा थांबले. वळले नाहीत. आजवर त्यांनी टिपणीसांना साहेबाखेरीज हाक मारली नव्हती.

“श्रीरंगा, भोपळा पिकला की मी मागायला येईन. देऊ नकोस.”